अलर्ट वाजला की मामाजी टोपी घालत

आकाश बघण्याचा छंद किती शांत हो, असं कोणी म्हटलं की माझं डोकंच सणकतं. शांत? हा फोन एक आठवडा घरी घेऊन जा म्हणावं, मग बोल. जगभरच्या यांत्रिक दुर्बिणी रोज आकाशाचे फोटो काढतात, काल जे नव्हतं ते आज दिसलं की लगेच सगळ्यांना कळवतात, आणि ते कळवणं माझ्या फोनवर येऊन बोंबलतं. कुठे तारा फुटला, कुठे दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले, कुठे गॅमा किरणांचा झोत आला आणि पाहता पाहता विझला. हे सगळे अलर्ट मीच हौसेनं फोनवर लावून घेतले होते. झक मारली आणि लावले.

मी कळमेश्वरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि नागपूरला लागून असलेल्या बेसाला राहते. घराच्या गच्चीवर माझी आठ इंची दुर्बीण आहे, दिसायला सरळसोट, पाण्याच्या पाइपसारखी. नवरा बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात शिफ्ट करतो. तो घरी असला की झोपलेला असतो आणि जागा असला की घरी नसतो, त्यामुळे या गोष्टीत त्याचा काही उपयोग नाही. राहिले मामाजी, म्हणजे माझे सासरे. उमरेडला त्यांचा हातमाग होता. माग बंद पडल्यावर त्यांनी सायकलचं दुकान टाकलं, आणि सासूबाई गेल्यावर दुकानाला कुलूप लावून आमच्याकडे राहायला आले.

मामाजींचा एक हट्ट आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते कशालाच हो म्हणत नाहीत. दूधवाला म्हणाला, दूध म्हशीचं आहे, तर हे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गोठ्यात जाऊन म्हैस पाहून आले. मी एकदा जेवताना मोठ्या उत्साहात सांगितलं की एक तारा फुटल्याचं कळलं आहे, त्याचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता.

"तू पाहिला का?" मामाजींनी विचारलं.

"नाही, अलर्ट आला."

"मंग बातमी आली म्हण ना. तारा फुटला काहून म्हणते?"

मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचा डावा डोळा एकाएकी बिघडला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, डाव्याचा पुरताच गेला, आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. कडेकडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल. इलाज काही नाही. जे पाहायचं ते पाहून घ्या आजोबा, असं ते डॉक्टर हसून म्हणाले. मला त्यांच्या हसण्याचा असा राग आला की बस! घरी येताना ऑटोत, कॉटन मार्केटच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मामाजी म्हणाले, "तुझा फोन एवढा बोंबलते. त्यातला एक तारा मले दाखव. एकच. खरा निघाला तं मानतो."

मी म्हटलं, दाखवते. ते काय मोठं!

त्या दिवसापासून माझ्या मागे भुणभुण लागली. फोन वाजला रे वाजला की मामाजी उठायचे, खुंटीवरची टोपी घालायचे आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन उभे राहायचे. पोथीला निघाल्यासारखे. मी अलर्ट उघडून पाहायची आणि दर वेळी तोंड वाकडं करून त्यांना परत पाठवायची. एकदा तारा इतका मंद की डोंगरावरच्या राक्षसी दुर्बिणीलाच दिसावा. एकदा तारा चांगला तेजस्वी, पण भर दुपारी डोक्यावर. एकदा तर अलर्टमधली वेळ जागतिक होती, ती मी घाईत आपली समजले, आणि आम्ही दोघं गच्चीवर जाऊन जे मावळून गेलं होतं त्याची वाट पाहत बसलो. डासांनी फोडून काढलं.

"आज काय झालं?" एका संध्याकाळी त्यांनी पायरीवरूनच विचारलं.

"मामाजी, थो ऑस्ट्रेलियातून दिसते. आपल्याकडून नाही दिसत."

"मंग आपल्याले काहून सांगून राहिला थो?"

खरंच की! आपल्याले काहून सांगून राहिला? वर आणि ते रद्द करणारे अलर्ट! आधी ठणाणा करून सांगायचं की अमुक दिशेला काहीतरी प्रचंड घडलं आहे. दिशा म्हणजे काय, तर जवळजवळ अर्धं आकाश. आणि मी भाजी करपवून नकाशा उघडून बसले की थोड्या वेळानं दुसरा अलर्ट: मघाचा संदेश मागे घेण्यात येत आहे, तो यंत्रातला गोंधळ होता. अरे बाप्पा! मागे घेताय तर माझी भाजी पण परत द्या ना. आणि मामाजी तिकडे टोपी घालून उभे. त्यांना कोण सांगणार की जे घडलं होतं ते घडलंच नव्हतं? मी सांगितलं. ते म्हणाले, "मी तं आधीच म्हटलं होतं."

पावसाळा ढगांत गेला. हिवाळ्यात आकाश स्वच्छ, पण बेसाला तेव्हा नवीन सिमेंट रोडचं काम चालू होतं. इतकी धूळ की चंद्रसुद्धा कोणी फडक्यानं पुसावा असा दिसायचा. हिवाळा सरता सरता मामाजींनी पेपर वाचणं सोडलं. म्हणाले, पेपरात आता दम राहिला नाही. बोलताना ते आपल्या तोंडाकडे पाहायचे नाहीत, कानाच्या बाजूला कुठेतरी पाहायचे. नवरा चिडायचा, "बाबा, माह्याकडं पाहून बोला ना!" मला वाटायचं, म्हातारपणाचा हेका आहे. डॉक्टरांकडे जायची तारीख आली तर म्हणाले, उन्हाळा उतरला की जाऊ, आत्ता काय घाई आहे. मी पण वाद घातला नाही. कॉलेजात परीक्षा चालू होत्या.

शेवटी एके दिवशी मी अलर्टच्या सगळ्या सेटिंगची मानगूट धरली. आपल्या दुर्बिणीला झेपेल एवढा तेजस्वी असेल, नागपूरच्या आकाशात चांगला वर असेल, आणि अंधार पडल्यापासून जेवणाच्या वेळेपर्यंत दिसत असेल, तरच वाज. नाहीतर तोंड उघडू नकोस. फोन एकदम मुका झाला. मला वाटलं, आता घरात शांतता होईल. कसली शांतता! आता मामाजी रोज संध्याकाळी विचारायला लागले, "वाजला नाही का वं आज?" नाही, मामाजी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वाजला नाही का? पहिले वाजायचा म्हणून जीव खायचा, आता वाजत नाही म्हणून खायला लागला.

आणि मग मे महिन्यात, लग्नसराई ऐन भरात असताना, तो वाजला.

मी पहिल्यांदा विश्वासच ठेवला नाही. पुन्हा पुन्हा वाचलं. सप्तर्षीच्या शेपटीजवळ एक दूरची दीर्घिका आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा गाव. तिथला एक तारा फुटला होता. उजेडाला इथे यायला दोन कोटी वर्षं लागली होती. तेज आठ इंचीला जेमतेम झेपेल एवढं. संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेला छान उंचावर. सगळं जुळलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा मी जिन्याकडे पाहून म्हटलं, "मामाजी, चला!" टोपी आधीच डोक्यावर होती.

पण सुखासुखी काही होईल तर ते नागपूर कसलं! पहिल्या दिवशी वादळ सुटलं, शेजारच्याचे टिनाचे पत्रे आमच्या अंगणात आले. दुसऱ्या दिवशी ढग. तिसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निघालं, मी संध्याकाळीच दुर्बीण मांडली, आणि अंधार पडायला लागला तसं आमच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या लग्नाच्या लॉनवर दिवे लागले. नुसते दिवे असते तर गोष्ट वेगळी. हल्ली आकाशात झोत सोडणारे ते शार्पी दिवे निघाले आहेत ना, ते सहाच्या सहा. निळे, जांभळे, हिरवे, गरगर फिरतायत, आणि बरोबर सप्तर्षीच्या अंगावरून. दुर्बिणीतून पाहिलं तर आत दुधाळ उजेड. एक तारा दिसेल तर शपथ.

लॉनला सीझन संपेपर्यंत रोज लग्न होतं. सीझन संपला की पावसाळी ढग येणार. आणि उजवा डोळा काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. मामाजी गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, स्लॅब अजून तापलेला होता, पाय टेकवले की चटके. ते एवढंच म्हणाले, "राहू दे वं पोरी. त्याहीचं लग्न हाय."

राहू दे कसं? मी खाली आले, गाऊन बदलून बऱ्यापैकी साडी नेसले आणि सरळ त्या लग्नात शिरले. मुलीकडच्यांना वाटलं मी मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडची. एका बाईनं अत्तर लावलं, दुसरीनं हातात सरबताचा ग्लास दिला. लॉनच्या मॅनेजरला गाठून मी हात जोडून सांगितलं की थोडा वेळ ते वरचे झोत बंद करा, आमच्या सासऱ्यांना एक तारा दाखवायचा आहे. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मॅडम, पार्टीनं बुक केलं हाय. ताऱ्यासाठी लाइट बंद केले तं मले इथंच तारे दाखवतीन लोकं." मी पुष्कळ बोलले. तो निघून गेला. असा संताप आला की सरबत तसंच कुंडीत ओतलं.

परत फिरणार तेवढ्यात मांडवाच्या कडेला गुरुजी दिसले. मुहूर्त गोरज, पण वरात नाचत नाचत उशिरा आलेली, त्यामुळे ते पार कावलेले. सप्तपदी नुकतीच आटोपली होती. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं.

"गुरुजी, आता अरुंधती दाखवणार ना?"

"दाखवणार की. विधीच आहे तो."

"कुठे दाखवणार?" मी वर बोट केलं. वर निळे-जांभळे झोत तलवारी खेळत होते.

गुरुजी वर पाहत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का ताई? या लॉनच्या दिव्यांत मी कित्येक वर्षांत अरुंधती पाहिलीच नाही. मी आपला हात वर करतो. मुलगा म्हणतो दिसली, मुलगी म्हणते दिसली, फोटो निघतो, संपलं."

"न दिसता दिसली म्हणतात?"

"सगळेच म्हणतात."

मी म्हटलं, आज खरी दाखवा. मी जागा सांगते. सप्तर्षीच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला खेटून जी बारीकशी आहे ती अरुंधती. फक्त हे झोत बंद करायला सांगा, तुमचं ऐकतील. गुरुजींनी मिनिटभर विचार केला. दिवसभराचा सगळा वैताग त्यांच्या चेहऱ्यावर होता, तो काढायला त्यांना जागा मिळाली असावी. त्यांनी बँडवाल्याचा माइकच हिसकला. "सर्व दिवे बंद करा! अरुंधतीदर्शन व्हायचं आहे. ते झाल्याशिवाय वधूवरांनी स्टेजवर चढू नये!"

मॅनेजर काहीतरी बोलायला लागला. मुलीच्या बापानं त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. "गुरुजी म्हणून राहिले ना? मंग कर ना बे बंद!"

दिवे गेले. मी साडी काष्टा मारल्यासारखी धरून घराकडे पळत सुटले.

गच्चीवर पोचले तेव्हा मला धाप लागली होती, पण वर सप्तर्षी कसे झळकत होते! मी दुर्बीण फिरवली, नकाशा ताडून पाहिला, आणि सापडला. दीर्घिका काही दिसत नव्हती, बेसाच्या आकाशात ती दिसतही नाही. पण जिथे कधीच काही नव्हतं तिथे एक बारीक ठिपका होता. मला रडूच आलं. मी तो बरोबर मधोमध आणला आणि मामाजींना हात धरून उभं केलं. "उजवा डोळा लावा. सरळ पाहा, मधात पाहा. घाई नाही."

मामाजी वाकले. खाली लॉनवर लाउडस्पीकर चालूच होता. गुरुजींना सापडली होती, पण इतर कोणाला सापडत नव्हती. "तो नाही हो, ते विमान आहे," गुरुजी माइकवर ओरडत होते. "विमानाच्या मागे जाऊ नका!" मला मनातून वाटत होतं, देवा, यांना आज ती सापडूच देऊ नकोस.

"दिसला का, मामाजी?"

"थांब ना."

मी थांबले. खाली कोणी काका दुसराच तारा धरून बसले होते, त्यावरून वाद चालू झाला होता. मामाजी हलेनात.

"दिसला?"

"दिसला," मामाजी म्हणाले. "मधात हाय. एकदम मधात. चांगला हाय." आणि कमरेवर हात ठेवून खुर्चीकडे वळले.

मला बरं वाटायला हवं होतं. पण म्हैस पाहायला गोठ्यात गेलेला माणूस असं इतक्या पटकन चांगला हाय म्हणून बसत नाही. मी डोळा लावून पाहिलं. माझ्या दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते, तसा तारा सरकत जातो, आणि जरा वेळानं दुर्बीण पुन्हा हलवावी लागते. ती मी हलवलीच नव्हती. तारा केव्हाच मधून निघून पार काठाशी गेला होता. मधात काळोखाशिवाय काही नव्हतं.

"मामाजी, खोटं काहून बोलता?" मी ओरडलेच. वर्षभराचा सगळा वैताग एकदम तोंडाशी आला. "मधात काहीच नाही! नाही दिसला तं नाही दिसला म्हणा ना!"

ते माझ्या कानाच्या बाजूला पाहत होते. "तू एवढी पळत आली," ते म्हणाले, "अन् त्याहीनं लाइट बंद केले."

आणि त्यांचं ते बाजूला पाहणं पाहता पाहता मला स्वतःच्या डोक्यात हाणावंसं वाटलं. अगं भैताड बाई! मंद तारा कोणी सरळ पाहतं का? मी स्वतः कधी पाहत नाही. आकाश बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, मंद तारा पाहायचा तर नजर त्याच्या बाजूला टाकायची, डोळ्याच्या कडेला तो उजळतो. आणि ज्यांच्या डोळ्याचा मधला भागच झिजतोय त्यांना मी सांगत होते, सरळ पाहा, मधात पाहा!

मी तारा पुन्हा मधोमध आणला. "या इकडे. आता सरळ नका पाहू. मधात तं पाहूच नका. दुर्बिणीत थो काळा गोल दिसते ना, त्याच्या काठाकडे पाहा. काठ सोडू नका."

मामाजी पुन्हा वाकले. खाली नवरी एकदम किंचाळली, "दिसली, दिसली! दोन आहेत!" आणि टाळ्या वाजल्या. झालं. आता कोणत्याही क्षणी दिवे लागणार होते.

"हाय," मामाजी म्हणाले.

"काय हाय?"

"तीन हाय, चुलीच्या दगडावाणी. अन् त्याच्या बाहेर एक हाय, एकटाच. थो तुझा का?"

तोच होता. ते तीन तारे मी त्यांना सांगितले नव्हते, सांगायला वेळच कुठे होता! मी हो म्हटलं.

"मधात पाहिलं का जाते," ते सावकाश म्हणाले. "कडेले पाहिलं का येते. मधातलं तं होळीपासूनच गेलं वं माह्यं."

"होळीपासून? म्हणून डॉक्टरकडे येत नव्हते तुम्ही? आम्हाले सांगितलं काहून नाही?"

लॉनचे झोत भसकन वर आले, सगळं आकाश जांभळं झालं. आता आत काही दिसत असेल असं मला वाटत नाही. तरी मामाजींनी डोळा काढला नाही.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तं तू मले गच्चीवर चढू दिलं असतं का?"

नसतंच दिलं.